सहावी ते आठवीचे गणित आणि विज्ञान अवकाश मोहिमांच्या आधारे कसे शिकवावे

23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रयान-3 चे विक्रम लँडर चंद्रावर उतरले आणि तो क्षण अनेक शाळांनी मुलांना एकत्र बसवून दाखवला. पुढचे काही दिवस परिपाठात मोहिमेची माहिती वाचली गेली, फलकलेखन झाले, प्रश्नमंजूषा झाल्या. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गात टेबलावर एक लिंबू ठेवले, ती पृथ्वी आहे असे सांगितले आणि एका मुलीच्या हाती काबुली चणा देऊन चंद्र त्याच्या योग्य जागी ठेवायला सांगितले. तिने तो लिंबापासून चार बोटांवर ठेवला आणि वर्गातील बहुतेकांनी होकारार्थी माना हलवल्या. उड्डाणाची तारीख, रोव्हरचे वजन आणि प्रक्षेपकाचे नाव ज्यांना तोंडपाठ होते, त्या मुलांच्या मनातला चंद्र जवळजवळ पंधरा पट जवळ होता.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. अवकाश मोहिमेतील कोणताही आकडा वर्गात सांगायचा असेल, तर त्या आकड्यावर मुलांच्या हातून काहीतरी मोजले, मांडले किंवा काढले गेले पाहिजे. तसे होणार नसेल, तर तो आकडा त्या दिवशी बाजूला ठेवायचा. खाली दिलेले उपक्रम या पथ्यातून तयार झाले आहेत. त्यांना लागणारे साहित्य कोणत्याही शाळेत मिळते आणि प्रत्येक उपक्रम पाठ्यपुस्तकातील एखाद्या घटकाशी थेट जोडलेला आहे, त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

लिंबू, चणा आणि शाळेबाहेरचा सूर्य

गुणोत्तर आणि प्रमाण हा घटक शिकवताना सुरुवात या प्रतिकृतीपासून करावी. पृथ्वीचा व्यास सुमारे 12,742 किमी आणि चंद्राचा सुमारे 3,474 किमी आहे. भागाकार केल्यावर गुणोत्तर साधारण 3.7 येते, म्हणजे चंद्रासाठी 1 सेंमी व्यासाचा चणा घेतला तर पृथ्वीसाठी 3.7 सेंमी व्यासाचे लिंबू हवे. लिंबू निवडण्याचे काम मुलांवरच सोपवावे. दोन पट्ट्यांच्या मध्ये लिंबू धरून त्याचा व्यास मोजताना त्यांना व्यास म्हणजे नेमके काय, हे पुस्तकातील आकृतीपेक्षा अधिक नीट समजते. चंद्राचे सरासरी अंतर 3,84,400 किमी, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट आहे. लिंबाच्या मापाने ते सुमारे 110 सेंमी होते. चणा मीटरपट्टीच्याही पलीकडे ठेवावा लागतो, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मोडण्याची घाई करू नये.

याच मापात पुढचे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मुलांनाच काढू द्यावीत. सुमारे 400 किमी उंचीवरून फिरणारे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक लिंबाच्या सालीपासून जेमतेम 1.2 मिलिमीटरवर येते. पृथ्वीपासून 15 लाख किमी अंतरावर असलेले, सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल1 यान सुमारे 4.4 मीटरवर, म्हणजे बहुधा वर्गाच्या मागच्या भिंतीजवळ येते. सूर्य मात्र 4 मीटर व्यासाचा होतो आणि त्याला सुमारे 435 मीटर दूर न्यावे लागते. तो कोठे येईल हे गावाच्या नकाशावर शोधू द्यावे. आमच्या शाळेपासून मोजले तेव्हा तो ओढ्यापलीकडच्या एका शेतात आला, आणि त्या शेताच्या मालकाचा मुलगा त्याच वर्गात असल्यामुळे हा पाठ कोणालाच विसरता आला नाही.

यानाच्या प्रवासाचा आलेख

अपोलो-11 जुलै 1969 मध्ये उड्डाणानंतर तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत पोहोचले, मग 14 जुलै 2023 ला निघालेल्या चंद्रयान-3 ला चंद्राच्या कक्षेत शिरायला 5 ऑगस्ट का उजाडला, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. याचे उत्तर झोक्यात आहे. झोका एकाच जोरदार धक्क्याने उंच नेण्यासाठी अंगात मोठी ताकद लागते. ताकद कमी असेल तर तो योग्य जागी आला की दरवेळी थोडा धक्का द्यावा लागतो. यान लंबवर्तुळाकार कक्षेत फिरताना पृथ्वीच्या सर्वात जवळ आले की इंजिन थोडा वेळ चालवले जाते आणि त्यामुळे कक्षेचे दुसरे टोक आणखी दूर जाते. लहान प्रक्षेपक आणि कमी इंधन यांच्या मदतीने लांबचा पल्ला गाठण्याची ही रीत आहे.

आता आलेख. चंद्रयान-3 च्या कक्षेचे पृथ्वीपासून सर्वात दूरचे टोक उड्डाणानंतर सुमारे 36,500 किमीवर होते. पुढे ते सुमारे 41,800, 51,400, 71,400 आणि 1,27,600 किमीपर्यंत वाढवले गेले आणि 1 ऑगस्टच्या सुमारास शेवटच्या धक्क्याने ते सुमारे 3,69,300 किमीवर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळ नेले गेले. मुलांनी प्रथम या संख्या हजारांत पूर्णांकित कराव्यात आणि मग आलेख कागदावर प्रमाण ठरवून बिंदू मांडावेत. प्रमाण ठरवणे हेच येथे खरे शिक्षण आहे. 1 सेंमी = 10,000 किमी घेतले तर शेवटचा बिंदू कागदाबाहेर जातो आणि 1 सेंमी = 50,000 किमी घेतले तर पहिले तीन बिंदू एकमेकांना चिकटतात. दोन-तीन कागद वाया गेले तरी चालतील. शिक्षकाने योग्य प्रमाण आधीच फळ्यावर लिहून दिले तर उपक्रमातील गणितच निघून जाते.

याच मोहिमेतील आणखी एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरले असे सर्रास म्हटले जाते, पण उतरण्याची जागा सुमारे 69.4 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. मग ध्रुव तेथून किती दूर? चंद्राचा परीघ π × 3,474, म्हणजे सुमारे 10,900 किमी. त्याला 360 ने भागले की एका अंशाला सुमारे 30.3 किमी मिळतात. ध्रुवापर्यंत 20.6 अंश उरतात, म्हणजे अंतर सुमारे 625 किमी. मुंबई ते वर्धा हे सरळ रेषेतील अंतर जवळपास एवढेच आहे. वर्तुळाचा परीघ, अक्षांश आणि एकमान पद्धत या तिन्ही गोष्टी एका प्रश्नात येतात, शिवाय बातमीतील शब्द तपासून पाहण्याची सवयही लागते.

सावलीवरून पृथ्वीचा परीघ

एवढा एकच उपक्रम वर्षभरात करता आला तरी तो अवश्य करावा. अवकाश संशोधनाची सुरुवात रॉकेटपासून झालेली नाही. जमिनीवर उभे राहून आकाशाचे माप घेण्यापासून झाली आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन शहरांतील मध्यान्हीच्या सूर्यकिरणांच्या कोनांत वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक असल्याचे पाहिले आणि दोन शहरांमधील अंतराला पन्नासने गुणून पृथ्वीचा परीघ काढला.

आपल्याकडे हा प्रयोग बहुधा शून्य सावलीच्या दिवशी करण्याचा विचार होतो आणि तेथेच तो फसतो. महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस मे महिन्यात, म्हणजे सुट्टीत येतात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतात. प्रत्यक्षात शून्य सावलीची गरजच नाही. दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या कोनांतील फरक वर्षातल्या कोणत्याही दिवशी तेवढाच राहतो. म्हणून डिसेंबर किंवा जानेवारीतला निरभ्र दिवस निवडावा; त्या दिवसांत सावली लांब पडते आणि मोजायलाही सोपी जाते.

उत्तर-दक्षिण रेषेत असलेल्या दूरच्या एखाद्या शाळेशी आधी संपर्क करावा. कोल्हापूर आणि धुळे ही जोडी उत्तम आहे, कारण दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत 4 अंशांहून थोडा अधिक फरक आहे. सोलापूर आणि जळगाव ही जोडीही चालेल. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी, सपाट जमिनीवर, बरोबर 1 मीटर उंचीची काठी उभी करावी. ती खरोखर उभी आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी पाहावे. दुपारी 12 ते 1 या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी. सर्वात लहान सावली ही मध्यान्हाची सावली होय. ती घड्याळात बाराला न पडता साधारण साडेबाराच्या आसपास पडते, कारण भारतीय प्रमाण वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. एका अंशाला 4 मिनिटे या हिशेबाने मुलांना आपल्या गावाचा मध्यान्ह आधीच वर्तवायला लावावा. काही मिनिटांचा फरक उरेल. तो सूर्याच्या वर्षभरातील कमी-अधिक गतीमुळे असतो, एवढे सांगितले तरी या वयाला पुरे.

एक अडचण प्रत्यक्ष मोजायला बसल्यावरच लक्षात येते. सावलीचे टोक धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नसून तबकडी आहे, आणि एक मीटर काठीच्या सावलीत हा धूसरपणा दीड सेंटिमीटरच्या घरात जातो. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाने टोक वेगळ्या जागी मानले आणि आमच्या वहीत पृथ्वीचा परीघ 31,000 किमी आला. त्यावरचा उपाय सोपा आहे. काठीच्या वरच्या टोकाशी पुठ्ठ्याचा तुकडा आडवा चिकटवावा आणि त्याला, जमिनीपासून बरोबर 1 मीटर उंचीवर, पेन्सिलच्या टोकाएवढे छिद्र पाडावे. पुठ्ठ्याच्या सावलीत प्रकाशाचा एक छोटा गोल पडतो. तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते, आणि मापाचा शेवट त्याच्या मध्यावर धरावा. मापाची सुरुवात काठीच्या बुंध्यापासून न करता छिद्राच्या बरोबर खालच्या बिंदूपासून करावी. तो बिंदूही ओळंब्यानेच ठरवावा. मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, हे उपक्रमाच्या आधी आणि उपक्रम चालू असतानाही पुन्हा पुन्हा सांगावे.

सावलीवरून कोन काढण्यासाठी त्रिकोणमिती लागते आणि ती या इयत्तांना नसते. कोनमापकाने काढलेला कोन अर्ध्या-एक अंशाने चुकतो आणि 4 अंशांच्या फरकात एक अंशाची चूक परवडत नाही. म्हणून मी मुलांना एक तक्ता देतो. 1 मीटर काठीची सावली 81.0 सेंमी असेल तर किरण उभ्या रेषेशी 39 अंशांचा कोन करतात, 83.9 ला 40 अंश, 86.9 ला 41, 90.0 ला 42, 93.3 ला 43, 96.6 ला 44 आणि 100 सेंमीला 45 अंश. मधले कोन मुलांनी प्रमाणाने काढायचे. 22 डिसेंबरच्या सुमारास कोल्हापुरात सावली सुमारे 84.3 सेंमी येते. 83.9 पासून ती 0.4 ने पुढे आहे आणि पूर्ण अंशासाठी 3.0 लागतात, म्हणून कोन सुमारे 40.1 अंश. त्याच दिवशी धुळ्यात सावली सुमारे 97.7 सेंमी आणि कोन सुमारे 44.3 अंश. फरक 4.2 अंश.

हा फरक म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन कसा, हे समजावण्यासाठी आठवीच्या वर्गात समांतर रेषा आणि छेदिका यांची आकृती काढावी. सूर्यकिरण समांतर, काठी वाढवली की ती केंद्रातून जाणारी छेदिका, आणि त्यातून मिळणारे संगत कोन समान. ज्या प्रमेयाचा उपयोग काय असे मुलांना वाटत असते, ते येथे पृथ्वी मोजून दाखवते. अंतर मात्र नकाशावर पट्टी ठेवून आणि नकाशाच्या प्रमाणानेच काढावे. रस्त्याचे अंतर वळणांमुळे जास्त भरते आणि अक्षांशावरून अंतर काढले तर पृथ्वीचा परीघ आधीच गृहीत धरल्यासारखे होते. नकाशावर साधारण 465 किमी मिळतात. 465 ला 360 ने गुणून 4.2 ने भागले की सुमारे 39,860 किमी येतात, आणि खरा परीघ 40,000 किमीच्या अगदी जवळ आहे.

तुमचे उत्तर इतके नेमके बहुधा येणार नाही आणि तसे न येणे उपयोगाचेच आहे. सावलीत अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर कोन सुमारे 0.17 अंशाने आणि परीघ सुमारे 1,700 किमीने चुकतो, हे मुलांनी आकडेमोड करून पाहावे. वर्गाचे पाच गट करून पाच मापांची सरासरी घ्यावी. चुकलेले माप खोडू न देता वहीत तसेच ठेवावे आणि त्याशेजारी चुकीचे संभाव्य कारण लिहायला सांगावे.

उणे दहा अंश आणि शाळेच्या आवारातील माती

पूर्णांक संख्यांची वजाबाकी शिकवताना विक्रम लँडरवरील चास्टे या उपकरणाने घेतलेली मापे वापरावीत. त्याने चंद्राच्या मातीत तापमापक खुपसून वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान नोंदवले. पृष्ठभागाजवळ ते सुमारे 50 अंश सेल्सिअस होते आणि 8 सेंमी खोलीवर सुमारे उणे 10. 50 − (−10) = 60 ही वजाबाकी दरवर्षी चुकवणारी मुले तापमापकाची उभी आकृती समोर ठेवल्यावर चुकवत नाहीत. प्रत्येक सेंटिमीटरला सरासरी 7.5 अंशांची घट होते, हेही ती स्वतः सांगतात.

त्यानंतर मुलांना आवारात न्यावे. मोठ्या खिळ्याने जमिनीत 8 सेंमी खोल भोक पाडून त्यात अल्कोहोलचा तापमापक अलगद सोडावा. तो जोराने दाबू नये आणि पाऱ्याचा तापमापक तर वापरूच नये. दुसरा तापमापक पृष्ठभागावर ठेवून त्याच्या फुग्यावर मातीचा पातळ थर पसरावा. दहा मिनिटांनी दोन्ही मापे घ्यावीत. उन्हात येथेही फरक दिसतो, पण चंद्रावरच्या फरकाच्या जवळपासही तो जात नाही. हे असे का, यावर मुलांना बोलू द्यावे. चंद्राची माती अत्यंत बारीक आणि सैल आहे, तिच्या कणांमध्ये हवाही नाही, त्यामुळे उष्णतेचे वहन फार थोडे होते. सातवीच्या पुस्तकातील सुवाहक आणि दुर्वाहक हे शब्द येथे जमिनीवर उतरतात.

उशिरा पोहोचणारा संदेश

24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे 22.4 कोटी किमी दूर होते. रेडिओ संदेश सेकंदाला 3 लाख किमी जातो. भागाकार केल्यावर सुमारे 747 सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटांच्या जवळपास वेळ येतो. चंद्रासाठी हाच हिशेब 1.3 सेकंदांचा आहे. घातांक शिकलेल्या मुलांनी तो 2.24 × 10⁸ आणि 3 × 10⁵ असा मांडावा.

गणित झाल्यावर खेळ घ्यावा. बाके आडवीतिडवी लावून एका मुलाचे डोळे बांधावेत, तो यान. दुसरा नियंत्रण कक्षात बसून चिठ्ठीवर आज्ञा लिहितो. तिसरा ती चिठ्ठी हातात घेऊन मनात बारापर्यंत मोजतो आणि मगच यानाला वाचून दाखवतो. त्या वेळात यान आधीच्या आज्ञेप्रमाणे सावकाश चालतच राहते. दोन-तीन वेळा बाकाला अडखळल्यावर वर्गातून कोणीतरी म्हणते, "सर, सगळ्या आज्ञा आधीच लिहून देऊ या का?" मंगळयानाच्या वेळी शास्त्रज्ञांनी नेमके तेच केले होते, कक्षेत शिरण्याच्या आज्ञा काही दिवस आधीच यानाकडे पाठवून ठेवल्या होत्या. मग मुलांना "3 पावले पुढे, उजवीकडे 90 अंश वळणे, 2 पावले पुढे" अशी पूर्ण यादी लिहू द्यावी. पावलाची लांबी प्रत्येकाची वेगळी असते हे त्यांच्या लवकरच लक्षात येते आणि प्रमाणित एकक का लागते, हा पाठ कोणी न शिकवता पुढे येतो.

खोडदची सहल

पुणे, अहिल्यानगर किंवा नाशिक परिसरातील शाळांनी नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अवश्य पाहावी. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किमी परिसरात पसरलेल्या आहेत आणि 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे लोकांना प्रवेश असतो. निघण्यापूर्वी वर्गात एका अँटेनाचे क्षेत्रफळ काढून घ्यावे. त्रिज्या 22.5 मीटर, म्हणून सुमारे 1,590 चौरस मीटर. शाळेच्या मैदानात 22.5 मीटर दोरीने वर्तुळ आखले, तर बहुतेक मैदाने त्याला पुरत नाहीत, आणि हे वर्तुळ आखूनच सहलीला निघावे.

तेथे मुलांनी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे. या थाळ्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या का आहेत? जवळ उभे राहिले की जाळीतून आरपार आकाश दिसते. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी टिपते त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे त्या लहरींना जाळी सलग आरशासारखी वाटते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, आणि म्हणूनच एवढी मोठी थाळी हलक्या सांगाड्यावर उभी करता येते. हे उत्तर शिक्षकाने बसमध्ये सांगून टाकू नये. परतल्यावर दुसऱ्या दिवशी चहाची गाळणी वर्गात आणावी, तिच्यावर आधी वाटाणे आणि मग रवा ओतावा आणि मुलांना पुन्हा तोच प्रश्न विचारावा.